बांधावरची पुढची जागा

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! सामान उतरवून झाल्यावर ट्रकवाल्याने विचारलं, मागून अजून एखादी गाडी येणार आहे का. मी म्हटलं, नाही बाबा, एवढंच. शेहेचाळीस वर्षांच्या बाईचं सगळं सामान अर्ध्या ट्रकात मावतं याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं, कारण पुस्तकांची जड खोकी त्याने न सांगता आतल्या खोलीपर्यंत नेऊन ठेवली.

घर मात्र दृष्ट लागण्यासारखं आहे. क्वार्टर्सची एक सरळ रांग, त्यातलं शेवटचं माझं. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, पुढे पायऱ्या आणि पायऱ्यांशेजारी कुणीतरी लावून विसरून गेलेलं गुलाबाचं रोपटं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फिल्टर हाऊस दिसतं, त्याच्या पलीकडे तळं आणि तळ्याला वळसा घालून गेलेला गवताळ बांध. अख्ख्या शहराचं पाणी इथे येऊन शुद्ध होतं आणि ते शुद्ध झालं की नाही हे आता मी सांगणार! आई गेल्यापासून भावाच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपत होते. त्यांचा टीव्ही बंद झाल्याशिवाय मला आडवं होता यायचं नाही. आज भर दुपारी अख्ख्या पलंगावर हातपाय पसरून झोपले आणि कुणीही मला उठवलं नाही.

ताईला फोन करून घराचं वर्णन ऐकवलं. ती म्हणाली, पोटभर जेवत जा आणि घर आवरलेलं ठेव, मी बघायला येणार आहे. ताई नेहमीच येणार असते. भावजी गेले, मुलं परदेशात रमली, तरी हिच्या घरातली कामं काही संपत नाहीत.

७ ऑक्टोबर

काम आवडलं. तळ्यातून आलेल्या गढूळ पाण्याचे बीकर ओळीने मांडायचे, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत घालायची, ढवळायचं आणि बघत बसायचं. ज्या बीकरमध्ये गाळ नीट खाली बसेल, त्याच्यावरून त्या दिवशीची तुरटी ठरते. मी बीकरना नातेवाइकांची नावं दिली आहेत. वहिनी आजही निवळली नाही.

प्रयोगशाळेत मी एकटीच असते. पंपावरचा ऑपरेटर आवाजाचा त्रास नको म्हणून कानांवर ते मोठे गोळे लावून बसतो, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं म्हणजे नुसते हातवारे. घरी येताना आठवून पाहिलं, तर आज दिवसभरात मी फाटकावरच्या माणसाला ‘बरं’ म्हटलं होतं आणि पिपेट हातातून निसटलं तेव्हा ‘अगं बाई’. बास. एवढी शांतता हवी म्हणून मीच तर देव पाण्यात घालून बसले होते, तेव्हा आता कुरकूर करायची नाही. जेवताना रेडिओ लावला.

९ ऑक्टोबर

आज मला शेजार मिळाला!

संध्याकाळी दारावर थाप पडली आणि बघते तो सगळी क्वार्टर्स पायऱ्यांशी उभी. सगळी म्हणजे चौघंच, पण मला ती जत्राच वाटली. ओव्हरसियरकाका इथूनच निवृत्त झालेत, उंच आणि ताठ, मफलर कडक इस्त्रीचा. काकू त्यांच्या बरोबर उलट, गोल आणि बोलक्या, हातात केक. नर्सबाई दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी समोरच्याची जीभ बघायची सवय सुटलेली नाही. आणि वायरमनभाऊ, माझ्यासारखेच अजून नोकरीत, बायको वारलेली, बोलणं बेताचं. ही मंडळी रोज संध्याकाळी तळ्याला फेरी मारतात. काकू म्हणाल्या, तुला न्यायलाच आलोय, बूट घाल.

वाट अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. आधी गाळाच्या वाफ्यांच्या कडेने जायचं. फिल्टरमधून काढलेला गाळ तिथे उन्हात वाळवतात आणि वाळताना त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग बांध, मग जुनं बंद पडलेलं पंपहाऊस, आणि वळसा घालून परत घर. मी आपली लाजून मागे उभी राहिले, तर काकांनी हाताने वाट दाखवून मला पुढे बोलावलं. नव्या माणसाने पुढे चालायचं, अशी इथली रीत आहे. माझ्यामागे वायरमनभाऊ, मग नर्सबाई, मग काकू आणि सगळ्यांत शेवटी काका. आयुष्यात मला कुणी कुठे पुढे केल्याचं आठवत नाही. शाळेतही ताई पुढे आणि मी तिच्या दप्तराला धरून मागे. आज मी पुढे होते आणि माझ्या पाठीमागून गप्पा, खोकला, हसणं असं सगळं चालत येत होतं. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

वायरमनभाऊ तर वाटेत चक्क शीळ घालत होते. नर्सबाई म्हणाल्या, हे कितीतरी दिवसांनी ऐकलं.

१५ ऑक्टोबर

आज बांधावर साप दिसला. जाडजूड, तपकिरी, अंगावर काळ्या कड्या कड्या, वाटेवरच आडवा. मला वाटलं कुणाचा तरी पट्टा पडलाय! पट्टा हलला तेव्हा माझी पाचावर धारण बसली आणि मी किंचाळले. मागे वळून पाहिलं तर चौघंही जागच्या जागी शांत उभी. काका दुरूनच म्हणाले, घोणस आहे, हात वर कर आणि थांब, जाईल ती. ती गेली सावकाश, गाळाच्या एका भेगेत, शेपटीचं टोक आत जाईपर्यंत आम्ही सगळे उभे.

मग माझं केवढं कौतुक! काकूंनी पाठीवरून हात फिरवला. नजर तीक्ष्ण आहे हो पोरीची, म्हणाल्या. घरी बोलावून सूप पाजलं. विषारी असते का, असं मी विचारलं, तर नर्सबाईंनी सूप फुंकत फुंकत सगळं सांगितलं. पाय सुजतो, रक्त गोठत नाही, हिरड्यांतून येत राहतं, मग मूत्रपिंडं बसतात. दवाखाना जवळ नाही. हे सगळं त्यांनी आमटीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं.

तरीही मी मजेत घरी आले. सूप पाजायला माणसं आहेत, हे मला सापापेक्षा मोठं वाटलं.

२१ ऑक्टोबर

आज पुन्हा. आणि परवाही एक होती, वाफ्यापाशी. खाली बघून बघून मान आखडली आहे. तळ्यात सूर्य कसा बुडतो म्हणून मागची मंडळी रोज वाखाणतात, मी तो अजून पाहिलेला नाही.

काकांना विचारलं, दुसरीकडून फिरायला गेलो तर? डांबरी रस्ता आहे की चांगला. ते रागावले नाहीत. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, वाट चालती राहिली पाहिजे. ते वाफ्यांत राहतात, आपण घरांत, आणि मध्ये ही वाट. माणसांचे पाय रोज पडतात तोवर ते वाट ओलांडत नाहीत. एकदा सगळे तापाने पडले होते, वाट मोडली, तर गवत पायऱ्यांपर्यंत आलं आणि गवताबरोबर तेही. मग काठी का नाही घेत, असं मी विचारलं. काठीने माणूस काठीकडे बघतो, म्हणाले.

आणखी एक नियम सांगितला. मागच्यांनी आपसात हवं ते बोलावं, पुढच्याला हाक मारायची नाही. साप दिसला तरी नाही. पूर्वी कुणीतरी मागून ओरडलं, पुढचा वळून बघायला गेला आणि पाय नेमका नको तिथेच पडला. पुढच्याने बघायचं, मागच्यांनी तेव्हा गप्प राहायचं.

मी विचारलं, मी कधीपर्यंत पुढे? काका म्हणाले, नवीन माणूस येईपर्यंत. काकूंनी माझ्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

२८ ऑक्टोबर

पंपहाऊसच्या वळणावर फुत्कार ऐकू आला. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते, तसा. दिसत कुठेच नाही आणि आवाज मात्र अगदी पायाशी. मी हात वर केला आणि थांबले. घामाने कपडे अंगाला चिकटले. कितीतरी वेळाने गवत हललं, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर.

मग मी मागे वळले. मला वाटलं होतं तेही घाबरले असतील. तर माझ्यामागे बरीच मोकळी वाट होती. मी थांबले तशी ती चौघं मागे सरकत गेली होती, आवाज न करता, आणि दूर उभी राहून माझ्याकडे बघत होती. बघण्यात वाईट काही नव्हतं. बसची वाट बघणारी माणसं जशी बघतात तसं ते बघणं होतं.

घरी आल्यावर हात धुताना लक्षात आलं, की मला कुणीही फसवलेलं नाही. विचारलं ते ते त्यांनी सगळं खरं सांगितलं.

१ नोव्हेंबर

आज नाही गेले. डोकं दुखतंय असं दारातूनच सांगितलं. नर्सबाईंनी जीभ बघितली आणि माघारी फिरल्या. खिडकीतून पाहिलं. वायरमनभाऊ पुढे होते. शीळ नव्हती.

५ नोव्हेंबर

गेलेच नाही अजून. आणि आता कुणी बोलावतही नाही.

सकाळी काकू बागेला पाणी घालत होत्या, मी हाक मारली, त्यांनी पाइप तसाच ठेवला आणि आत गेल्या. नर्सबाई समोरून आल्या आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत निघून गेल्या. वाईटसाईट कुणी बोलत नाही. बोलले असते तर मी भांडले तरी असते. घरात रेडिओ सारखा चालू ठेवते. काल बातम्या वाचणाऱ्या बाईला मी ‘हो का?’ म्हटलं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, दोन मिनिटांत करतो.

आज दार उघडलं तर पायरीवर घोणस. वेटोळं घालून, उन्हाला, गुलाबाच्या रोपट्याशेजारी. आत आले, दार लावलं, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला. कामावर गेले नाही. पंपावर फोन लावला, तो उचलणार कसा? कानांवर गोळे. वायरमनभाऊंच्या खिडकीकडे बघून हात हलवला. ते होते तिथे. त्यांनी पडदा ओढून घेतला.

ती ऊन सरल्यावर गेली. गवत खरंच पायऱ्यांपर्यंत आलंय का, की आधीपासून एवढंच होतं, ते मला आठवत नाही.

७ नोव्हेंबर

गेले. बूट घालून आपणहून पायऱ्यांवर जाऊन उभी राहिले. मंडळी आली. कुणी काही विचारलं नाही. काकूंनी माझ्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं आणि मला रडू फुटलं. मला यांचा राग यायला हवा होता. आला नाही. सगळे माझ्याशी पुन्हा बोलताहेत याचा मला इतका आनंद झाला की माझीच मला कीव आली.

एक दिसली. हात वर केला. गेली.

१३ नोव्हेंबर

आज वायरमनभाऊ बल्ब बदलायला आले आणि स्टुलावर चढल्या चढल्या बोलायला लागले. माझ्याकडे बघावं लागत नव्हतं म्हणून असेल. ते आणि त्यांची बायको एकाच दिवशी इथे आले. म्हणजे दोघंही नवे. एकाने पुढे चालायला हवं होतं. तिनेच विचारलं, मी जाऊ का पुढे? आणि ते म्हणाले, जा. बास, तेवढंच. तिच्यानंतर ते पुढे. मी येईपर्यंत.

बल्ब लावून झाल्यावरही ते स्टुलावरून उतरेनात. म्हणाले, तुम्ही आलात त्या दिवशी मला गाढ झोप लागली, मला माफ करा.

मी चहा केला. दोघांनी घेतला.

१८ नोव्हेंबर

ताईचा फोन. येते म्हणाली. नुसती बघायला नाही, राहायला, थंडीभर. घराला कुलूप लावून येते, तुझ्या हातचं बेचव खाईन पण आता एकटीने जेवणार नाही.

मी म्हटलं, नको. काम फार आहे. घर लहान आहे. दमट आहे. ती म्हणाली, बरं, तू म्हणशील तसं. ताईला कुणी नको म्हटलं की ती अशी लगेच ऐकते, आणि तेच सहन होत नाही.

फोन ठेवला. रेडिओ लावला. बंद केला. समोरची रिकामी खुर्ची टेबलाखाली सरकवली. परत बाहेर काढली.

पुन्हा फोन लावला. ये म्हटलं.

तिला चालायला नेणार नाही. दारातूनच सांगीन, तिचे गुडघे दुखतात. ती घरात राहील, मी जाऊन येत जाईन, आल्यावर घरात दिवा असेल, ताई असेल. मी पुढे चालेन जन्मभर, काय बिघडलं? हे मी मनापासून लिहिते आहे.

२३ नोव्हेंबर

ताई आली! घरात आवाज आला. भांडी, चपला, तिची बडबड. आल्या आल्या तिने फडताळ लावलं आणि माझ्या सगळ्या डब्यांची जागा बदलली. किती दिवसांनी कुणावर तरी वैतागले.

मंडळी ओळीने भेटायला आली. काकांनी तिची बॅग स्वतः आत नेली. काकूंनी तिचा हात धरला तो सोडेचनात. गुडघ्यांचं मी सांगायच्या आत ताई म्हणाली, गुडघे? माझे? मी रोज बाजारात चालत जाते! सगळे हसले. वायरमनभाऊ तेवढे हसले नाहीत. माझ्याकडे बघत होते.

आज दमलीय, असं सांगून मी तिला घरी ठेवलं. मी पुढे गेले. दोन दिसल्या.

२५ नोव्हेंबर

ताईला सगळं सांगितलं. ती भेदरून परत जाईल असं वाटलं होतं — जावी, असंही — नाही, जाऊ नये —

तिने सगळं ऐकून घेतलं आणि भडकली. सापांवर नाही, माझ्यावर. एवढे दिवस तू एकटी पुढे चालतेस आणि मला आत्ता सांगतेस? म्हणाली, चल निघून जाऊ. मी म्हटलं, कुठे? भावाच्या दिवाणावर? ती म्हणाली, माझ्याकडे. मी म्हटलं, नोकरी आहे. ती म्हणाली, मग महिनाभराची नोटीस दे, आणि तोपर्यंत मी आहे ना. माझ्या देखत तू पुढे आणि मी मागे, असं कधी झालंय का?

मी नाही म्हटलं. जोरात म्हटलं. एकदाच म्हटलं.

२६ नोव्हेंबर

दवाखाना. बाकावर बसून लिहितेय. अक्षर वाचता येणार नाही, नाही आलं तर बरं.

ताई पुढे होती. मी दुसरी. तिने पायऱ्यांवरच मला मागे सारलं, आणि मी सरले. काका म्हणाले, छान. सगळे आपापल्या जागी एकेक पाऊल मागे गेले, कुणी न सांगता.

मला ताईची पाठ दिसत होती. आणि तळं दिसलं. पहिल्यांदा. सूर्य पाण्यात —

ते खरंच सुंदर होतं.

पण खाली बघायची सवय गेली नव्हती. वळणापाशी, डाव्या हाताला, गवताच्या कडेला. ताईच्या पुढे दोन पावलं. ताई पंपहाऊसकडे बघत होती, काहीतरी विचारत होती मला, ते छप्पर कशाचं म्हणून —

वेळ होता. हाक मारायला. धरून ओढायला. हात पुरला असता.

डॉक्टरांना सांगितलं, आमच्यात नियम आहे, मागच्याने हाक मारायची नाही. त्यांनी लिहून घेतलं नाही. नियम मला नंतर आठवला. ताई खाली बसल्यावर आठवला. त्याच्या आधी डोक्यात एकच आलं होतं. आज मी नाही.

एवढंच. आज मी नाही.

रक्त काचेच्या नळीत घेऊन ठेवलंय. गोठायला हवं. इथली नर्स येऊन नळी तिरकी करून बघते आणि पुन्हा ठेवते. पाय मांडीपर्यंत —

२७ नोव्हेंबर

सकाळ. बाकावरच.

काकूंचा फोन. फार मायेने बोलल्या. जेवलीस का, झोपलीस का. मग म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत येशील ना? वाट मोडायला नको. मी फोन ठेवला नाही. ऐकत राहिले. मायेने बोलत होत्या म्हणून —

इंजेक्शनं चालू आहेत. हिरड्यांतून थांबत नाही. भावाला कळवलं, तो दोन मिनिटांत —

नर्स आली होती. ताई मघाशी शुद्धीवर आली म्हणाली. पाणी मागितलं नाही, काही नाही. पहिल्यांदा विचारलं, माझ्या बहिणीला तर चावला नाही ना. आणि मग म्हणे, तिला कुणी काही बोलू नका, घाबरट आहे ती. मागून तिला काय दिसणार.

मला बोलावलंय आत. एकच माणूस, थोडा वेळ. डॉक्टर म्हणाले, काय बोलायचं असेल ते आत्ताच बोलून घ्या.

जाते. सांगून टाकते. नाही सांगितलं तर ती तशीच — आणि सांगितलं तर —

नर्स दार धरून उभी आहे.

ताई, मला तो साप